“आजी, मी आता काय करू?”

प्रश्न : मी मूळची सांगलीची. मुलगा आणि सून दोघंही बर्मिंगहॅममध्ये नोकरी करतात, म्हणून शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी नातवंडांपाशी राहायला येते. नात नऊ वर्षांची, नातू सहाचा. घरात खेळण्यांनी भरलेलं कपाट आहे, मागे छोटी बाग आहे, पुस्तकं आहेत. तरी सकाळचे दहा वाजले की दोघांचं सुरू होतं, “आजी, कंटाळा आला, मी आता काय करू?” चित्र काढ म्हणावं, पत्ते खेळू म्हणावं, गोष्ट सांगते म्हणावं, तर प्रत्येकाला “नको”. शेवटी टॅब्लेट हातात द्यावा लागतो. संध्याकाळी सून काही बोलत नाही, पण मलाच अपराध्यासारखं होतं. आमच्या लहानपणी असं म्हटलं असतं तर आईनं हातात केरसुणी दिली असती. तीच रीत बरोबर होती का? आणि मुळात मुलांचा कंटाळा घालवणं हे माझं काम आहे का?
– एक आजी, हॉल ग्रीन, बर्मिंगहॅम

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते. मुलांचा कंटाळा घालवून देणं हे तुमचं काम नाही. पण तो घेऊन ती तुमच्यापाशी येतात तेव्हा त्यांना हुसकून लावणंही नको. या दोन टोकांच्या मधे आजीला करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं तुम्हाला येतंच.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली : जे सुचवावं त्याला “नको”. यात हट्ट किंवा उद्धटपणा शोधू नका. टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवुड आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये कंटाळ्याची जी व्याख्या मांडली, तिच्यात या ‘नको’चं उत्तर आहे. त्यांच्या मते कंटाळलेल्या माणसाला मनाजोगतं काहीतरी करायचं असतं, पण त्याचं मन कशातच गुंतत नाही, आणि ही अवस्था त्याला सोसवत नाही. म्हणजे इच्छा जागी असते, ती कशावर बसायची एवढंच ठरत नसतं. आळस वेगळा. आळशी माणूस लोळण्यात सुखी असतो. कंटाळलेलं मूल बेचैन असतं, सोफ्यावरून उलटं लोंबकळतं, भावाला उगाच कोपर मारतं, फ्रीज उघडतं आणि बंद करतं.

अशा मुलापुढे आपण चित्र, पत्ते, गोष्ट अशी यादी ठेवतो तेव्हा त्या सगळ्या इच्छा आपल्या असतात. मूल स्वतःची शोधत असतं, म्हणून आपल्या त्याला एकेक करून बाजूला साराव्याच लागतात. शिवाय यादी लांबत गेली की मुलाला कळतं, विचार करायचं काम आजीनं उचललंय. मग ते स्वतः शोधायचं थांबतं. लंडनचे मनोविश्लेषक ॲडम फिलिप्स यांनी अनेक वर्षं मुलांवर उपचार केले. १९९३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी कंटाळ्यावर एक निबंध लिहिला आहे. आपल्याला काय हवंय हे मुलाला सापडेपर्यंतचा हा थांबण्याचा काळ असतो आणि मोठ्यांनाच तो बघवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. तुमची खरी अडचण मुलांचा कंटाळा ही नसून, तो चालू असताना तुम्ही काय करायचं ही आहे.

आता हे दहा वाजताच का होतं ते पाहू. इथल्या मुलाचा एरवीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पावणेनऊच्या सुमारास शाळा भरते, सव्वातीनच्या सुमारास सुटते. आईवडील दोघं कामावर असतील तर त्यापुढे संध्याकाळपर्यंत शाळेतलाच क्लब. शनिवारी पोहणं, रविवारी मराठीचा वर्ग नाहीतर तबला. कुठल्या घटकेला काय करायचं हे सतत दुसरं कोणीतरी ठरवत असतं. जुलैच्या उत्तरार्धात हे सगळं एका दिवसात थांबतं आणि सप्टेंबरपर्यंत जवळजवळ सहा आठवडे मोकळे समोर येतात. दिवसही इथे भलता लांब असतो, जुलैअखेरीस रात्री नऊलासुद्धा उजेड असतो. आपला वेळ आपण वापरायचा सराव या मुलांना वर्षभरात फारसा मिळालेला नसतो. तेव्हा पहिला आठवडा जड जाणार हे धरूनच चाला, आणि त्या आठवड्यातल्या कुरकुरीवरून स्वतःला नापास करू नका.

मूल आलं की म्हणायचं काय? “हो का? ये, बस इथे.” सुरुवातीला एवढंच पुरे. तुमचं हातातलं काम चालू राहू द्या. “एवढी खेळणी आणून दिलीत, तरी?” हे वाक्य मात्र गिळून टाका. त्यानं मुलाला कंटाळ्याच्या जोडीला अपराधीपणा मिळतो, दुसरं काही हाती लागत नाही. “मग तुला नक्की काय हवंय?” असंही विचारू नका, तेच तर त्याला ठाऊक नसतं. थोडा वेळ ते तुमच्या अंगावर रेलेल, पुन्हा एकदा तेच म्हणेल. तुम्ही पुन्हा “हं” म्हणा. बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांत त्याची नजर कशावर तरी अडकते आणि ते उठून जातं. ती पंधरा मिनिटं मोठ्यांना फार लांब वाटतात, हे मान्य.

सहा वर्षांच्या नातवाला कधीकधी सुरुवात करून द्यावी लागते. तिथे बोलावण्यापेक्षा तुम्ही स्वतः काहीतरी मांडा. बागेतले पाच गुळगुळीत खडे निवडा, जमिनीवर बसा आणि एकट्यानं सागरगोटे खेळायला लागा. “येतोस का?” असं विचारू नका. तो येईल, बघेल, एक खडा हिसकावेल. नऊ वर्षांच्या नातीला वेगळा धागा लागतो : “काल तू ते चिठ्ठ्यांचं काहीतरी करत होतीस, ते पुरं झालं का?” ही तुमची सूचना होत नाही. तिनंच कालची आपली इच्छा अर्धवट टाकलेली असते, तुम्ही तिला ती दाखवून देता.

इथे एक इशारा. “मुलांना कंटाळू द्या, म्हणजे ती सर्जनशील होतात” असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. त्याला आधार म्हणून प्रेस्टनच्या सेंट्रल लँकेशायर विद्यापीठातल्या सँडी मान आणि रेबेका कॅडमन यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतात. त्यात लोकांना टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवून काढायला लावले आणि मग थर्माकोलच्या दोन कपांचे उपयोग सुचवायला सांगितले. नंबर उतरवून कंटाळलेल्यांना जास्त उपयोग सुचले. प्रयोग चांगला आहे, पण तो मोठ्या माणसांवरचा आहे, आणि कंटाळ्यानंतर त्यांच्यापुढे एक नेमकं काम ठेवलेलं होतं. मुलाला नुसतं रिकाम्या खोलीत बसवून प्रतिभा फुटत नाही. कंटाळा मुलाला फक्त ढकलतो. ते कुठल्या दिशेला जाईल हे त्याच्या आसपास काय आहे, कोण आहे आणि काय करायला परवानगी आहे यावर ठरतं. आणि या तीन गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत.

आता केरसुणी. शिक्षा म्हणून दिलेली केरसुणी मला मान्य नाही. तिनं कंटाळा जात नाही, तो सांगायचा नसतो एवढं मूल शिकतं, आणि घरकाम म्हणजे दंड हेही शिकतं. पण तुमच्या आईच्या घरात आणखी एक गोष्ट होती, ती मात्र मला आजच्या घरांत परत हवी आहे. तिथे मुलं मोठ्यांच्या कामाच्या मधोमध वाढत. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरडया पडत तेव्हा मुलांच्या वाट्याला कावळे हाकलणं असे, मधेच वाटीभर चीक खाणं असे, संध्याकाळी सांडगे उलटणं असे. त्यांना कोणी रिझवत नव्हतं, पण त्यांची गरज होती.

मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी ग्वातेमालातल्या सान पेद्रो या माया वस्तीत १९७० च्या दशकापासून मुलं कशी शिकतात याचा अभ्यास केला. तिथली आणि मेक्सिकोतल्या तशाच घरांतली मुलं मोठ्यांचं काम बघत बघत त्यात शिरतात, आणि पुढे कोणी न सांगता कामाला लागतात. त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की दोन-तीन वर्षांच्या मुलाची लुडबुड आपण “तू मधे येऊ नको, खेळ जा” म्हणून परतवली की हळूहळू त्याची मदत करायची इच्छाच ओसरते. नंतर तेच मूल आठव्या-नवव्या वर्षी काही करत नाही म्हणून आपण रागावतो.

तुमच्या स्वयंपाकघरात या मुलांना जागा करून द्या. नातवाला शेंगांतले मटार सोलू द्या, कणकेचे गोळे करू द्या, तुम्ही लाटाल त्या पोळीवर तेल पसरू द्या. मटकी भिजवून, फडक्यात बांधून, मोड येईपर्यंत रोज उघडून बघणं हे त्याच्यासाठी दोन-तीन दिवसांचं काम आहे. नातीला स्ट्रॅटफर्ड रोडवरच्या दुकानात न्या. मेथीच्या किती जुड्या, भेंडी किती, दहा पौंडांतले किती उरतात, हे तिच्यावर सोपवा. घरी तिला पोहे करू द्या, तुम्ही शेगडीपाशी उभ्या राहा. एकच अट पाळा : काम खरं हवं. तिनं घडी घातलेले टॉवेल तुम्ही पुन्हा उलगडून घातलेत, तर ते तिला दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी ती येत नाही. जेवायला उशीर होईल, ओट्यावर पीठ सांडेल. सुनेला हे आधीच सांगून ठेवा.

खेळण्यांच्या भरलेल्या कपाटाबद्दल. १९७१ मध्ये सायमन निकल्सन या ब्रिटिश चित्रकार-शिक्षकानं एक छोटा लेख लिहिला, त्याचा खेळाच्या जागा आखणाऱ्यांवर आजही प्रभाव आहे. जागेत सुट्या, हलवता-जोडता येणाऱ्या, अनेक कामी येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितकी मुलांची कल्पकता जास्त, असं त्यांनी मांडलं. बॅटरीवर चालणारी मोटार एकच गोष्ट करते आणि ती मुलानं करून झालेली असते. वॉशिंग मशीन ज्यातून आलं तो पुठ्ठ्याचा खोका, जुनी चादर, कपडे वाळत घालायचे चिमटे, दोरी, डबे, बिया, शंख, बटणं यांना ठरलेलं काम नसतं, म्हणून ती संपत नाहीत. कपाटातली निम्मी खेळणी पंधरा दिवसांसाठी माळ्यावर टाका आणि या सुट्या वस्तूंची पेटी खाली ठेवा. चादरीचं घर झालं तर ते रात्री मोडायला लावू नका. सकाळी दहाला मुलांना करायला जे हवं असतं, ते बहुतेक वेळा काल अर्धं राहिलेलं असतं. आपण संध्याकाळी ते आवरून टाकतो आणि सकाळी विचारतो, तुला काही सुचत कसं नाही.

निकल्सन यांच्याही आधी आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक हे करत होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नव्हती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी समुद्राचे शिंपले, खडे, पानं, बिया यांतून साधनं उभी केली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येईना, तेव्हा शाळाच कुरणात नेली. मुलाला हवं ते त्याच्या अवतीभोवती असतं, हा विश्वास त्या कुरणशाळेमागे होता. आणि हातानं काही करून बघायचंच असेल तर पुण्याचे अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंपासूनची खेळणी आहेत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी भूमिती शिकवली. ती करून दाखवणाऱ्या त्यांच्या मराठी फिती इंटरनेटवर फुकट आहेत. एक फीत तुम्ही आदल्या रात्री बघून ठेवा आणि सकाळी स्वतः करायला बसा.

तुमचा पत्ता वाचून मला आनंद झाला तो मात्र वेगळ्याच कारणानं. हॉल ग्रीनमध्ये तुमच्या हाकेच्या अंतरावर सेअरहोल मिल ही जुनी पाणचक्की आहे आणि तिच्या जवळच मोझली बॉग हे दलदलीचं रान आहे. १८९६ च्या उन्हाळ्यात एक तरुण विधवा आपल्या दोन मुलांना घेऊन या चक्कीसमोरच्या घरात राहायला आली. मुलांचे वडील त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत वारले होते, पैसा बेताचा होता, घर परकं होतं. आई घरीच मुलांना लॅटिन, चित्रकला आणि झाडापानांची ओळख शिकवी. बाकीचा वेळ दोघं भाऊ बाहेर असत. चक्कीवाल्याचा मुलगा पिठाच्या धुरळ्यानं पांढरा दिसे, म्हणून त्याला त्यांनी पांढरा राक्षस ठरवलं. अळंबी तोडली म्हणून थोरल्या भावामागे धावलेला शेतकरी काळा राक्षस झाला. तो थोरला भाऊ म्हणजे पुढे कादंबरीकार झालेले जे. आर. आर. टॉल्किन. त्यांना ती चार वर्षं जन्मभर पुरली. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या हिरव्या, शांत गावाच्या मुळाशी सेअरहोल आहे, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. त्या मुलांपाशी काय होतं? एक तळं, एक चालू चक्की, झाडं, एकमेकांची सोबत, आणि जवळच पण सतत डोक्यावर न बसलेली आई.

ते रान आजही जागेवर आहे, कारण १९८० मध्ये तिथे घरं उठायची वेळ आली तेव्हा जॉय फायफर या स्थानिक बाईंनी लोक जमवून ते वाचवलं. आता ते राखीव रान आहे, चिखलावरून लाकडी पायवाटा आहेत. तिथे मुलांना घेऊन जा, पण सहलीसारखं नको. खाऊ, पाणी, जास्तीचे मोजे घ्या, एका जागी बसा आणि तास-दीड तास कुठे जायचं नाही असं ठरवा. पहिल्या खेपेला मुलं तिथेही “कंटाळलो” म्हणतील. त्याच जागी तिसऱ्या-चौथ्यांदा गेलात की मग त्यांचं झाड ठरतं, त्यांचा पूल ठरतो, त्यांचा राक्षसही ठरतो. रोज नवं ठिकाण दाखवणाऱ्या सुट्टीत हे घडत नाही. म्हणूनच मी तुम्हाला बर्मिंगहॅमच्या प्रेक्षणीय स्थळांची यादी देत नाही.

दोन जागा तरी सांगतेच. फार्मर्स ब्रिजपाशी शहराच्या पोटातून जाणारा कालवा तेरा लॉकनी, म्हणजे दरवाजे लावलेल्या टप्प्यांनी, पायऱ्या उतराव्यात तसा खाली उतरतो. बोट आली की दरवाजा बंद होतो, पाणी ओसरतं, बोट खाली जाते. नऊ वर्षांची मुलगी हे तासभर बघू शकते. कालव्याला कठडा नसतो, तेव्हा नातवाचा हात धरा. आणि ११ नंबरची बस. १९२६ मध्ये शहराला वळसा घालण्यासाठी ती सुरू झाली आणि ती सेअरहोल मिलवरूनच जाते. वरच्या मजल्यावर पहिल्या बाकावर बसायचं, बोर्नव्हिलच्या चॉकलेटच्या कारखान्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. पावसाच्या दिवसाला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आपल्या लहानपणी मुलं दिवसभर एकटी गल्लीत असत, ते इथे तसंच्या तसं जमणार नाही. मुलाला घरी एकटं केव्हा ठेवावं याचं ठरावीक वय इंग्लंडच्या कायद्यात नाही, पण त्यामुळे मूल धोक्यात आलं तर तो गुन्हा ठरतो, आणि बाराच्या आतल्या मुलाला जास्त वेळ एकटं ठेवू नये असा एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेचा सल्ला आहे. मागच्या बागेत मात्र त्यांना एकटं सोडा. खिडकीतून लक्ष ठेवा आणि त्यांना ते कळू देऊ नका.

टॅब्लेटविषयी तुम्ही अपराधी वाटून घेऊ नका. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन यांच्या गटानं २०१४ मध्ये मोठ्या माणसांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं विचार करत बसवलं. जवळ विजेचा सौम्य झटका देणारं बटण होतं. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी तेवढ्या वेळात स्वतःला झटका देऊन घेतला. हा झटका टळावा म्हणून आम्ही पैसे देऊ, असं आधी याच लोकांनी सांगितलं होतं. रिकामेपण सोसणं इतकं कठीण असेल तर सहा वर्षांच्या पोराकडून आपण केवढी अपेक्षा करतो!

तरीही टॅब्लेट कंटाळ्याचं औषध म्हणून देऊ नका, असंच मी म्हणेन. कॅनडातल्या एका डोंगराळ गावात १९७३ पर्यंत टीव्हीचं प्रक्षेपण पोहोचत नव्हतं. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांनी तो यायच्या आधी आणि नंतर दोन वर्षांनी तिथल्या मुलांना तपासलं. एखाद्या साध्या वस्तूचे निरनिराळे उपयोग सुचवण्यात ही मुलं आधी टीव्हीवाल्या गावांतल्या मुलांच्या पुढे होती. दोन वर्षांत ती त्यांच्या पंक्तीला आली. टीव्हीनं त्यांच्या डोक्यात काही बिघडवलं असेलच असं नाही. माझ्या मते रिकामा वेळ मुलाच्या हाती लागण्याआधीच भरून जायला लागला, हे मोठं कारण असावं. म्हणून टॅब्लेटची वेळ घड्याळावर ठरवा, कुरकुरीवर नको. दुपारी चार म्हणजे चार, मूल खुशीत असो वा नसो. “कंटाळा आला” म्हटल्यावर तो मिळत नाही हे एकदा पक्कं कळलं की त्या वाक्यातला अर्धा जोर जातो. सकाळी तर देऊच नका. तो बंद केल्यानंतरचा अर्धा तास सगळ्यांत वाईट असतो आणि मग पुढचा सगळा दिवस त्याच्याशी झगडण्यात जातो.

काही वेळा मात्र मूल कंटाळा म्हणतं आणि दुखणं दुसरंच असतं. भूक आणि झोप आधी तपासा. नातू दहाला रडवेला होत असेल तर कदाचित त्याला नुसतं काहीतरी खायला हवं असेल. नातीच्या बाबतीत मला एकटेपणाची शंका येते. नवव्या वर्षी मैत्रिणी लागतात, आणि सुट्टीत कोणी भारतात, कोणी स्पेनला, कोणी क्लबमध्ये असते. ही भूक आजीनं भागत नाही, तुम्ही कितीही केलंत तरी. सुनेला सांगून आठवड्यातून एक दिवस कुणातरी मैत्रिणीला दिवसभर घरी बोलवा. तुम्हाला इंग्रजीचा संकोच वाटत असेल तर त्याची काळजी नको. चादर, खोका आणि पोहे यांना भाषा लागत नाही. हॉल ग्रीनच्या ग्रंथालयात उन्हाळ्यात वाचनाचा उपक्रम असतो. देशभर १९९९ पासून तो चालतो, मुलांनी साधारण सहा पुस्तकं वाचायची असतात, पैसे पडत नाहीत. तिथे तिच्या वयाची मुलं भेटतील. महापालिकेच्या पैशांच्या ओढाताणीत बऱ्याच ग्रंथालयांचे तास कमी झालेत, तेव्हा निघण्याआधी वेळ बघून घ्या. आणि सुट्टी मुरल्यावरही आठवडेच्या आठवडे मूल कशातच रमत नसेल, आवडीच्या गोष्टीसुद्धा नकोशा झाल्या असतील, सप्टेंबरची शाळा म्हटली की पोटात दुखत असेल, तर त्याला कंटाळा समजू नका. आईवडिलांनी शाळेशी आणि डॉक्टरांशी बोललं पाहिजे.

सुट्टीच्या उत्तरार्धासाठी एक लांबचं काम सुचवते. गणपती ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरात येतो. यंदा मखर मुलांवर सोपवा, म्हणजे खरोखर सोपवा. काय करायचं, कशाचं करायचं, रंग कुठला, सगळं त्यांचं. जमल्यास मूर्तीही. शाडू नाही मिळाला तरी हवेवर वाळणारी माती इथल्या दुकानांत मिळते. सोंड दोनदा गळून पडेल. नातीला नक्षी काढायची असेल आणि नातवाला मखरात डायनोसॉर बसवायचा असेल, त्यावरून भांडणं होतील. होऊ द्या. महिनाभर पुरणारं काम डोक्यात असलं की मूल सकाळी उठून त्याच्याकडे जातं.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण ती आहे असं मला वाटतं. दिवसभर त्या घरात तुम्हीही एकट्या असता. शेजारी दार उघडं नाही, बोलायला कोणी नाही, बाहेर पडायचं तर रस्ते परके. मुलांनी “कंटाळा आला” म्हटलं की तुम्हाला ते इतकं लागतं, त्यात याचाही वाटा असेल. म्हणून मुलगा-सुनेशी या सुट्टीचा आराखडा बोलून ठरवा. इथले सुट्टीचे क्लब महाग असतात, सहाही आठवडे कोणाला परवडत नाहीत आणि मुलांना ते गरजेचेही नाहीत. दोन आठवडे क्लब, बाकी तुमच्यापाशी, असा हिशोब मला ठीक वाटतो. क्लब कुठला ते नातीला निवडू द्या. तिची मैत्रीण जिथे जाते तो निवडला तरी हरकत नाही. आणि बाकीच्या चार आठवड्यांत दुपारी दीड ते अडीच हा तास तुमचा. तेव्हा मुलं आपापल्या जागी, वाटेल ते करत किंवा काहीच न करत, आणि आजी दार लावून आडवी. सुनेसमोर, मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात, हा तास सगळ्यांत आधी ठरवून घ्या.